कार्बन स्टीलची सुरी आणि वडिलांची जुनी दुनळी बंदूक घरीच ब्लूइंग केली तर गंजाची कायमची कटकट मिटेल का?

कायमची नाही मिटणार. आणि दोन्ही वस्तूंना ब्लूइंगच्या द्रावणाची एकच बाटली वापरायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा. जुन्या पात्यांची डागडुजी हा माझा छंद आहे, त्यामुळे सुरीबद्दल मोकळेपणानं सांगतो. बंदुकीबद्दल जरा हात राखून.

खऱ्या ब्लूइंगमध्ये, म्हणजे पोलादाला निळसर-काळी झाक आणण्यात, बाहेरून काही लेप चढत नाही. पोलादाच्या अगदी वरच्या थराचंच मॅग्नेटाइट होतं, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड. तसा तोही गंजच, पण शहाणा गंज. तांबडा गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. काळा ऑक्साइड जागेला धरून राहतो. पण हा थर असतो जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास, आणि सच्छिद्र. ब्लूइंग केलेलं पातं कोरडं ठेवून बघा, दमट हवेत त्यातूनही तांबडे ठिपके डोकं वर काढतात. तेल दिलं की ते त्या छिद्रांत मुरतं, आणि पहारा खरं तर तेच करतं. उघड्या चकचकीत पोलादावर तेल ठरत नाही, ब्लूइंगवर ठरतं. ब्लूइंगचा फायदा मुख्यतः हा.

आता पद्धती. बाटलीत मिळतं ते कोल्ड ब्लू. त्यात बहुधा सेलेनियमचं संयुग आणि तांब्याचे क्षार असतात, आणि पात्यावर जो काळा थर बसतो तो मॅग्नेटाइटचा नसतोच. लावायला सोपं, घासून जायलाही तितकंच सोपं. एखादा ओरखडा, स्क्रूचं डोकं झाकायला ठीक. सेलेनियम विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि खाण्याच्या वस्तू कापायच्या सुरीला ते लावूच नका.

कारखान्यात करतात ते हॉट ब्लूइंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण साधारण 135 ते 150 अंश सेल्सिअसला उकळत ठेवतात. उकळताना पाणी उडून जातं, तसं तापमान चढत जातं, म्हणून मधूनमधून पाणी घालावं लागतं. खरी भीती तिथेच आहे: थंड पाणी एकदम पडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि उकळतं कॉस्टिक अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा सुटा भाग त्यात गेला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. माझ्या मते हे घरात करायचं काम नाही.

तुमच्या दुनळीला तर हॉट ब्लूइंग मुळीच नको. जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुधा शिसं-कथलाच्या सोल्डरनं जोडलेल्या असतात. त्या तापमानाला सोल्डर वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. शिवाय पट्टीखालच्या फटीत शिरलेलं द्रावण सहजासहजी धुऊन निघत नाही. बाहेरून नळी देखणी दिसते आणि आत क्षार बसून राहतात. अशा बंदुकीला जुनी, संथ पद्धत लागते, गंजवून उकळायची. ती परवानाधारक कारागिराकडून करून घ्या. मूळ ब्लूइंग थोडंफार शिल्लक असेल तर तेही करू नका. घासूनपुसून नवीकोरी केलेली जुनी बंदूक संग्राहकांच्या लेखी उतरलेली असते.

सुरीला मात्र हीच संथ पद्धत घरी जमते. मूठ निघत असेल तर काढा. पातं घासून तेलाचा अंश घालवा. कसोटी सोपी: पाणी सोडल्यावर ते सलग पसरलं पाहिजे. कुठे थेंब गोळा झाला तर तिथे अजून तेल आहे, आणि नेमका तिथेच डाग राहणार. मग गंजवायचं द्रावण अगदी पातळ हातानं फिरवा, ओघळ येऊ देऊ नका. दमट जागी काही तास टांगलं की पात्यावर नारिंगी लव येते. आता ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये पंधरा-वीस मिनिटं उकळा. बघता बघता नारिंगीचं मखमली काळं होतं. सगळ्यात बारीक स्टील वूल घ्या, त्याचं तेल आधी काढा आणि हलक्या हातानं ही मखमल झाडा. पहिल्या फेरीला खाली नुसता ढगाळ करडा रंग निघतो. तो बघून बरेच जण हिरमुसतात आणि द्रावण जास्त थापायला लागतात. तसं करू नका. पाच-सहा फेऱ्यांत रंग आपोआप खोल होत जातो. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून गंजवायच्या द्रावणातलं उरलेलं आम्ल मारा, कोमट असतानाच भरपूर तेल द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या.

गॅसवर तापवून निळा रंग आणायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. तो निळा 300 अंशांच्या आसपास येतो, आणि सुरीचं पातं सहसा त्याहून बऱ्याच कमी तापमानाला टेंपर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं. रंग येईल, पण पात्याचं पाणी उतरेल आणि धार टिकणार नाही. घड्याळाच्या काट्यांना ते शोभतं.

स्वयंपाकाची सुरी असेल तर मी ब्लूइंगच्या वाटेला जाणार नाही. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर हा थर खातात, आणि धार लावली की धारेवरचा तसाही निघून जातो. वापरून वापरून पात्यावर जी करडी झाक येते ती राहू द्या आणि काम झालं की लगेच पुसत जा.

आणि दोन्हींना लागू असलेलं एक: चामड्याच्या म्यानात किंवा कव्हरमध्ये घालून वर्षानुवर्षं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावतानाचे क्षारही त्यात असू शकतात. नळीवर तांबडा ठिपका दिसलाच तर तेल लावून मुरू द्या आणि बारीक स्टील वूलनं हळूच घासा. गंज काढायचं आम्लाचं द्रव्य तिथे लावलंत तर ठिपक्याबरोबर ब्लूइंगही जाईल.