लेझरने नंबर काढायचाय, मे महिन्यात करू का?

भाऊ, तुमचं वय २३, दोन्ही डोळ्यांना उणे ४.५ नंबर, त्यात उणे ०.७५ सिलिंडर (तिरका नंबर), सॉफ्ट लेन्स वापरता, अमळनेरहून मोटारसायकलने रोज धुळ्याला जाता आणि मेच्या सुट्टीत लेझर उरकायचं म्हणता. नंबर या ऑपरेशनला सोयीचा आहे. महिना मात्र बदला, आणि तारीख घेण्याआधी तपासणी नीट होऊ द्या.

गेल्या वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त हललेला नसावा. चष्म्याचे जुने कागद सोबत न्या. सॉफ्ट लेन्स तपासणीच्या दोन आठवडे आधी बंद करा. कडक लेन्स वापरणाऱ्यांनी तीन-चार आठवडे. लेन्सने बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार थोडा दबतो, आणि तशाच डोळ्याचं माप घेतलं तर लेझर चुकीच्या आकड्यावर चालतं.

तपासणीत सगळ्यात महत्त्वाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या उंचसखलपणाचा नकाशा, आणि बुबुळाची जाडी. हिशोब साधा आहे. समजा जाडी ५२० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). लॅसिक या नेहमीच्या लेझर ऑपरेशनात बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा कापून उचलतात, तो फ्लॅप साधारण ११०, आणि एका नंबरामागे १५ मायक्रॉन धरले तर सिलिंडर धरून तुमच्या नंबराला ८० च्या आसपास घासले जातील. खाली उरले ३३०. किमान २५० उरायलाच हवेत, आणि काळजी घेणारे डॉक्टर ३०० च्या खाली जायला नाखूश असतात. जाडी ४८० निघाली तर २९० च उरतात. तिथे फ्लॅप न कापता वरूनच लेझर मारायच्या पीआरके पद्धतीचा विचार होतो किंवा सरळ नकार मिळतो. नकार मिळाला तर दुसरीकडे होकार शोधत फिरू नका. टोपोग्राफीत बुबुळ शंकूसारखं पुढे येत असल्याची शंका दिसली, तर लेझरने ते आणखी कमकुवत होतं आणि चष्म्यानेही नीट न दिसण्याची पाळी येते. आपल्याकडे धूळ आणि उन्हाने लहानपणापासून डोळ्यांना खाज येणारे पुष्कळ आहेत. सतत डोळे चोळायची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, बुबुळ शंकूसारखं होण्याच्या आजाराचा चोळण्याशी जवळचा संबंध आहे. अश्रूंची शर्मर चाचणी आणि थेंब घालून बाहुली मोठी करून डोळ्यामागच्या पडद्याची तपासणीही झालीच पाहिजे. त्या दिवशी गाडी चालवत परतू नका.

एक गोष्ट फार जण उशिरा विचारतात. भुसावळ जवळ असल्याने घरोघरी रेल्वेचे फॉर्म भरले जातात. लोको पायलटच्या वैद्यकीय निकषात लॅसिक झालेला उमेदवार बसत नाही. पोलीस, सैन्य यांचे नियम पदानुसार वेगळे, म्हणून आधी जाहिरात वाचा.

आता मे का नको. फ्लॅप कापताना बुबुळाच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे तीन ते सहा महिने डोळे कोरडे राहतात. त्यात आपलं ४४-४५ अंशांचं ऊन, कोरडा वारा, रात्रभर तोंडावर कूलर. शिवाय घरोघरी मसाल्याच्या मिरच्या भाजायचे, कुटायचे तेच दिवस; तो मिरचीचा झोंबणारा खाट लागला की हात आपोआप डोळ्यांकडे जातो. पावसाळा संपल्यावर, थंडी लागताना करा.

ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, पावडर, काजळ नको. भूल फक्त थेंबांची. पापण्या क्लिपने उघड्या धरतात. फ्लॅपसाठी डोळ्यावर सक्शन लावतात तेव्हा दाब जाणवतो आणि काही सेकंद अंधारी येते. माहीत नसलेले तिथेच घाबरतात. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. लेझर एका डोळ्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालतं, केस जळाल्यासारखा वास येतो. डोळा जरा हलला तर मशीन मागोवा घेतं, जास्त हलला तर थांबतं.

नंतरचे चार-सहा तास आग, पाणी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. घरी जाऊन झोपा. नाशिकला करणार असाल तर पहिली रात्र तिथेच काढा, दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही. आठवडाभर झोपताना प्लास्टिकची ढाल आणि डोक्यावरून अंघोळ नाही. महिनाभर पोहणं नाही. चोळणं तर अजिबात नाही, फ्लॅप सरकतो. मोटारसायकलला किमान दोन आठवडे सुट्टी, पुढे बाजूने बंद असलेला गॉगल. पीआरके केलं तर तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, जखम झाकायला बँडेज लेन्स असते, नजर स्थिरायला महिनाही लागतो आणि गॉगल काही महिने सोडायचा नाही, कारण उन्हाने बुबुळावर धूसरपणा येऊ शकतो.

कोरडेपणासाठीचे कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. स्टिरॉइडचे थेंब बंद करायचा जो दिवस चिठ्ठीत लिहिलाय, त्याच दिवशी बंद करा. मेडिकलमधून परस्पर आणून चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढतो आणि कळतही नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, बहुतेकांची काही महिन्यांत कमी होतात. तोवर रात्रीची गाडी जपून.

पहिल्या दिवसानंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट पाहू नका. ऑपरेशनआधीचे सगळे आकडे लिहिलेली फाईल मागून घ्या आणि जपा. पुढे मोतीबिंदू झाला तर लेन्सचा नंबर काढायला तीच लागते.