पाणी शुद्ध आहे, पण ते आमच्या तळघरात आहे

प्रश्न : घरामागच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून निघणारं प्रक्रिया केलेलं पाणी तीन वर्षांपासून एका उघड्या, अस्तर नसलेल्या तलावात सोडतात. दोन वर्षांपासून आमच्या तळघराच्या भिंती पाझरतात, शोषखड्डा पाणी घेत नाही आणि विहिरीची पातळी उन्हाळ्यातही उतरत नाही. तक्रार केली की 'आमचं पाणी मानकांत बसतं' एवढंच उत्तर मिळतं. प्रदूषणाचा दावा लावावा का?

उत्तर : तुमची अडचण पाण्याच्या गुणवत्तेची नाही, त्याच्या प्रमाणाची आहे. 'मानकांत बसतं' हे उत्तर खरंही असेल, पण ते तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं आहे. नुसता प्रदूषणाचा दावा लावलात, तर प्रयोगशाळेचा एक चांगला अहवाल दाखवून ते मोकळे होतील.

तलावाखाली मुरणारं पाणी आडवं पसरायला वेळ लागतो. तोवर भूजलाचा उंचवटा तयार होतो आणि त्याचा उतार शेजारच्या पायापर्यंत पोहोचू शकतो. पाऊस थांबतो, पण केंद्र बारा महिने चालतं. म्हणून उन्हाळ्यातही न उतरणारी विहीर हा तुमचा सर्वात बोलका साक्षीदार आहे. आजपासून दर आठवड्याला, उपसा करण्यापूर्वी, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून तारखेसह लिहा. तलावापासून कमी-जास्त अंतरावरच्या आणखी दोन-तीन विहिरींच्या नोंदी मिळाल्या, तर उतार कुठून कुठे आहे हे कागदावर दिसेल. पाण्याची तपासणीही करून घ्या, पण ती उगम शोधण्यासाठी. क्लोराइड, नायट्रेट, बोरॉन आणि सुक्रालोजसारखे कृत्रिम गोडवे सांडपाण्याची खूण सांगतात. (गोडवा माणसाच्या पोटातून आणि शुद्धीकरणातूनही बराचसा तसाच बाहेर पडतो. वकिलाला असे साक्षीदार क्वचित मिळतात.)

समोरचा वकील म्हणेल की नळाचं पाणी आल्यावर लोकांनी बोअरवेल बंद केल्या, म्हणून पातळी वाढली. हे खरोखर घडतं, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. परिसरातला उपसा कधी आणि किती घटला, याची माहिती आधीच काढा. स्वतःची गळकी पाइपलाइनही तपासून घ्या.

आता कायदा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये 'प्रवाह' या शब्दात भूमिगत पाणीही येतं, म्हणजे जमिनीत मुरणारं पाणीही या कायद्याच्या कक्षेत आहे. केंद्राला मिळालेल्या संमतीच्या अटी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदवहीत असतात आणि कलम २५(६) नुसार बाधित व्यक्तीला ती नोंदवही पाहता येते. आधी तिथे जा. रोज किती घनमीटर पाणी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने सोडायला परवानगी आहे ते बघा. परवानगीपेक्षा जास्त पाणी सोडलं जात असेल, किंवा जिरवण्याची परवानगीच नसेल, तर तुमचं प्रकरण एकदम वजनदार होतं.

पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे, त्याच्या अधिनियमाखाली, दोन वाटा आहेत. कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि फार तर साठ दिवस वाढवून मिळतात. ती वाट तुमच्यासाठी बहुधा बंद झाली आहे. कलम १५ खाली भरपाई आणि नुकसान झालेल्या मालमत्तेच्या पुनर्स्थापनेसाठी पाच वर्षांची मुदत आहे, ती अजून शिल्लक आहे. मात्र एकट्या घराचा वाद 'खासगी भांडण' ठरू शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सोबत घ्या.

दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा आणि मनाई हुकूम मागता येतो, पण लवाद अधिनियमाच्या कलम २९ चा, म्हणजे लवादाच्या कक्षेतला वाद दिवाणी न्यायालयाला ऐकता येत नाही असा, आक्षेप नक्की येणार. आधार म्हणून रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) हा इंग्लंडमधला निकाल आहे. त्यातही साठवलेलं पाणी जमिनीखालच्या जुन्या वाटांनी शेजारच्या खाणीत शिरलं होतं आणि साठवणाऱ्याला जबाबदार धरलं गेलं. पाणी विषारी आहे की नाही, हा तिथे मुद्दाच नव्हता. १९८७ च्या ऑलियम वायू प्रकरणातल्या 'निरपवाद दायित्वा'वर (कोणतीही सबब न चालणाऱ्या जबाबदारीवर) विसंबू नका, ते धोकादायक उद्योगांसाठी आहे. मुदत संपल्याचा बचाव आला, तर मुदत अधिनियम, १९६३ चं कलम २२ दाखवा : सततच्या अपकृत्यात मुदत रोज नव्याने सुरू होते. दावा लावताच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली पाहणीसाठी आयुक्त नेमण्याचा अर्ज द्या, आणि पाहणी उन्हाळ्यात व्हावी असा आग्रह धरा.

दरम्यान तळघरात पंप लावून दिवसरात्र उपसा करू नका. पाण्याबरोबर बारीक माती निघून गेली तर पाया खचतो, आणि मग तडे तुमच्याच पंपाने गेले असं म्हणायला त्यांना जागा मिळते. आधी स्थापत्य अभियंत्याकडून भिंतींची लेखी, छायाचित्रांसह नोंद करून घ्या.