नागपुरात मुलांच्या मानसिक आरोग्य केंद्रात सपोर्ट वर्करचं काम कसं असतं? समुपदेशनाचा अनुभव नसताना झेपेल का?

तुमचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, नुकतंच झालंय, म्हणून आधी हे सांगते: समुपदेशन आपण करायचंच नसतं. ते मानसशास्त्रज्ञ करतात, गोळ्या मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात. आपण मधले. तारीख चुकली की फोन लावायचा, बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या का ते विचारायचं, शाळेत सरांना भेटून यायचं. आणि पुष्कळदा नुसतं शेजारी बसायचं.

नीटचा क्लास सोडलेला एक मुलगा तीनदा आला, हूं की चूं नाही. मे महिना, आमचा कूलर गरम हवा फेकत होता. मी बादलीनं पाणी ओततेय, तर मागून आवाज, "काकू, पाणी टाकून काय होते, पंप जाम आहे ना." मला प्लग काढायला लावला, पंप उघडला, आतला गाळ बोटानं खरवडून काढला. ते करताकरताच, माझ्याकडे न बघता म्हणाला, रात्रभर झोप येत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक पहिल्याच वर्षी झाली. एका मुलीला "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द दिला आणि तिनं बाही वर केली. सांगावं लागलंच. पुढे किती तरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता पहिल्याच भेटीत सांगते, जिवाला धोका दिसला तर सांगेन, पण आधी तुला सांगून. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. तिथे आपली मर्जी चालत नाही.

आईवडील हे निम्मं काम. "कोराडी रोडला नेऊन टाकू का?" ही धमकी इथल्या घराघरांत असते, कारण मनोरुग्णालय तिकडे. मग तेच पालक आमच्याकडे येताना गाडी दोन गल्ल्या सोडून लावतात. रात्री घाबरून फोन करतात, म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून देते. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.

पगार बेताचाच. पण मुलाखतीत त्याच्याही आधी विचारा, आठवड्यातून एकदा माझ्या केसेस कोण ऐकणार? माझ्या पहिल्या नोकरीत कोणीच नव्हतं. सगळं डोक्यात घेऊन घरी यायची आणि भांडी आपटायची.