वायपर की व्हल्चर?

प्रश्न : ‘एलिट डेंजरस’ या अंतराळयानांच्या व्हिडिओ गेममध्ये झुंजीसाठी वायपर मार्क थ्री हे यान घ्यावं की व्हल्चर? शत्रू सतत माझ्या शेपटीला लागतो.

उत्तर : व्हल्चर घ्या, डोळे झाकून. सरळ पळण्यात वायपर सरस, पण तुम्हाला पळायचंय थोडंच? व्हल्चर गर्रकन वळतं आणि त्याच्या दोन्ही तोफा मोठ्या आकाराच्या. गोम आहे ती पॉवर प्लांटची, म्हणजे यानाला वीज पुरवणाऱ्या यंत्राची. तो इतका तोकडा की सगळं एकदम चालतच नाही. मी कार्गो हॅचची, म्हणजे मालाच्या झडपेची, वीज सरळ बंद ठेवतो. लढाईत तिचं काय काम?

ईगल हे यानही चपळ, पण चार गोळ्यांत गार.

आणि हो, यान बदलण्याआधी थ्रॉटल, म्हणजे वेगाचं नियंत्रण, बघा. पूर्ण वेगात वळत असाल तर वळण रुंद होणारच. वेगाचा काटा निळ्या पट्ट्यात आणा, जास्तीचे पिप (वीजवाटपाचे ठिपके) इंजिनांना द्या, मग वळा.