वडील गेल्यावर वर्ष व्हायच्या आत आईला अंदमानला नेणे योग्य ठरेल का?

तुम्ही विचारले आहे की, वडिलांना जाऊन काही महिने झाले असून आईला घेऊन अंदमानला जावे असे तुम्हाला वाटते. पण आई ‘वर्ष होऊ दे’ म्हणते आणि निपाणीच्या थोरल्या काकांनाही हे पटलेले नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. अशाच प्रवासात मी आईच्या जागी होते, म्हणून उत्तर त्या बाजूने देते. माझे यजमान गेल्यानंतर, वर्षश्राद्धाच्या आधीच, मुलगी मला अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, घेऊन गेली होती. तुम्ही अवश्य जा. मात्र आईला सांभाळायला म्हणून जाऊ नका.

‘वर्ष होऊ दे’ या म्हणण्यामागे बहुधा शास्त्र कमी आणि गल्लीतली माणसे जास्त असतात. वर्षभर घरात सण करायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज मी मनापासून पाळला, आणि समुद्राकाठी जाऊन बसल्याने तो मोडतो असे मला वाटत नाही. माझी खरी अडचण निराळीच होती. यजमानांच्या फोटोपुढे रोज संध्याकाळी दिवा कोण लावणार? मुलीने ते न सांगता ओळखले, शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली, तेल-वाती काढून ठेवल्या आणि मगच तिकिटांचा विषय काढला. तुमच्या आईची अडचण पैशांची असेल, काकांच्या रागाची असेल, किंवा तिथे आपल्याला बरे वाटले तर ते शोभेल का, अशीही असेल. ही शेवटची भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण तीच सर्वांत जड असते. वाद घालण्यापेक्षा नेमके काय अडते आहे ते शांतपणे विचारा. निवृत्तिवेतनाचे आणि वारसा नोंदीचे कागद तेवढे निघण्यापूर्वी हातावेगळे करा. कन्नडमधले ते अर्ज अर्धवट राहिले, तर आईचे मन तिथेही कचेरीच्या दारातच उभे राहील.

आपल्या बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा. चोर्ला घाट उतरला की पोहोचलो. मला मात्र गोवा नको होता, कारण तिथल्या प्रत्येक किनाऱ्यावर यजमान बरोबर असत, आणि घरून कोणाचा फोन आला तर संध्याकाळी परत फिरता येते. बेटावरून असे उठून येता येत नाही, आणि मला त्याचीच गरज होती. रक्षाविसर्जनापासून घरी समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली होती. येईल त्याला शेवटचे दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत. स्वराज द्वीपावर मला ओळखणारे कोणीही नव्हते, त्यामुळे माझ्या कपाळाकडे आधी पाहणारी नजरही तिथे नव्हती.

श्री विजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून स्वराज द्वीपाला बोटीने जावे लागते. वेगवान खासगी बोटीला दीड-दोन तास पुरतात. समुद्र फारसा खवळलेला नसतानाही मुलीला बोट लागली. मी तिचे डोके मांडीवर घेतले, पाठ चोळली, पिशवीतली आवळा सुपारी तिच्या तोंडात घातली, आणि तेव्हा ती रडू लागली. रक्षाविसर्जनाच्या दिवसापासून प्रत्येकजण तिला एकच सांगत होता, ‘आईकडे बघ.’ तिचेही वडील गेले आहेत, याची चौकशी तिच्याजवळ कोणी केलीच नव्हती. बोटीतल्या लोकांना वाटले, मळमळीमुळे रडते आहे. मी त्यांना तसेच वाटू दिले. त्यानंतर पैशांची पर्स माझ्याकडे आली, जेवणाचे मी ठरवू लागले, रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस मीच केली. इतके महिने सगळे मला खुर्चीवर बसवून पाण्याचा पेला हातात देत होते. त्या प्रवासात मी पुन्हा कोणाची तरी आई झाले. म्हणून सांगते, तुम्ही सगळे आधीच ठरवून ठेवू नका. आईला काम द्या, आणि तुम्हाला रडू आले तर तिच्यापासून लपवू नका.

संध्याकाळींचा विचार मात्र आधी करून ठेवा. अंदमान पूर्वेला सुमारे ९२ ते ९३ रेखांशावर आहे आणि घड्याळ आपलेच आहे, त्यामुळे तिथे सूर्य बेळगावपेक्षा तासाभराहून अधिक लवकर मावळतो. डिसेंबरात तर पाचच्या सुमारासच. ज्या घरातून माणूस गेले आहे त्या घराला दिवेलागणीची वेळ कठीण जाते, आणि बेटावर ती चहाच्या वेळेलाच येऊन ठेपते. स्वराज द्वीपावरचा राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिथे उंच झाडे थेट वाळूपर्यंत आलेली आहेत. आम्ही त्यांच्या सावलीत बसून सूर्यास्त पाहत असू. नंतरच्या लांबलचक रात्री मुलगी मला तिच्या जन्माआधीच्या तिच्या वडिलांविषयी विचारत असे. नंदगडहून खानापूरला सायकलीने शाळेत जाणारा तो मुलगा तिला ठाऊकच नव्हता. समाचाराला आलेले सगळे आजारपण विचारतात. आयुष्य विचारणारी ती एकटीच होती.

श्री विजयपुरम् येथील सेल्युलर जेल परतीच्या टप्प्यावर ठेवा, आणि आईची इच्छा असेल तरच. तिथे मला येसूवहिनी आठवल्या. त्यांचे पती बाबाराव सावरकर त्या तुरुंगात होते, आणि १९१९ मध्ये त्या पतीची पुन्हा भेट न होताच गेल्या. बाबाराव आणि विनायकराव या दोघा भावांना अंदमानातून हलवले ते १९२१ मध्ये. माझ्या यजमानांचा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता, हे भाग्य असल्याचे मला त्या कोठड्यांसमोर उभे असताना प्रथमच जाणवले. सर्वांनाच तसे वाटेल असे नाही. एखादीला त्या भिंतींचे ओझे होईल.

जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला; पावसाळ्यात बोटी रद्द होतात आणि अडकून पडण्याची चिंता आईला नको. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूमार्गे विमानाने जाता येते. चार बेटे पळत पाहण्यापेक्षा एकाच बेटावर राहा. मासिक श्राद्धाची तिथी पाहून तारखा आईलाच ठरवू द्या, आणि काकांना त्या तुम्ही कळवू नका. आईला स्वतः फोन करू द्या.