रोमन ब्राँझ नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर कधी पानांचा, तर कधी किरणांचा मुकुट का दिसतो?

पानांचा मुकुट हा विजयाचे चिन्ह असलेल्या लॉरेल या झाडाच्या पानांचा. टोकदार किरणांचा मुकुट मात्र सूर्यदेवाचा असून, सम्राट टायबेरियसच्या काळातील नाण्यांवर तो देवपद मिळालेल्या, त्याच्या आधीच्या दिवंगत सम्राट ऑगस्टसच्या मस्तकी दिसतो. पुढचा एक सम्राट, नीरो, याने तो हयातीतच स्वतःच्या डोक्यावर चढवला, हे त्याच्या स्वभावाला साजेसेच म्हणायचे! पुढे मात्र या दैवी खुणेचा उपयोग निव्वळ व्यवहारी ठरला. पिवळसर पितळेचा डुपॉंडियस आणि तांबड्या तांब्याचा अ‍ॅस ही जवळपास एकाच आकाराची नाणी असून पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती. त्यामुळे साधारणपणे किरणांचा मुकुट म्हणजे डुपॉंडियस, अशी ओळख रूढ झाली. आज दोन्ही नाणी हिरव्या गंजाने सारखीच दिसत असली, तरी मुकुटावरून ती वेगळी काढता येतात.