वाचकांचे प्रश्न : क्विनोआचे सॅलड बेचव का होते?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. यजमानांना वजन कमी करण्याचा सल्ला मिळाल्यापासून आमच्याकडे रात्रीच्या जेवणात अधूनमधून क्विनोआचे सॅलड असते. क्विनोआ एकदा धुऊन, दुप्पट पाणी घालून मी कुकरला दोन शिट्ट्या काढते आणि निवल्यावर त्यात काकडी, टोमॅटो, गाजर, कोथिंबीर व लिंबाचा रस घालते. तरीही तो गिचका होतो, किंचित कडवट लागतो आणि वाडग्याच्या तळाशी पाणी साचते. घरातली मंडळी काढा घेतल्यासारखे तोंड करून ते संपवतात. नेमके काय चुकते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कडवटपणा, गिचकेपणा आणि तळाशी साचणारे पाणी या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. कोठे ते कमी वापरले गेले आहे आणि कोठे जास्त राहिले आहे.

कडवटपणापासून सुरुवात करू. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा नैसर्गिक थर असतो. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच वर्गातील द्रव्यांमुळे. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतातील पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, जेथे हे पीक हजारो वर्षांपासून घेतले जाते, तेथे दाणे चोळून व धुऊन हा थर काढण्याची रीत जुनीच आहे. पाकिटातील क्विनोआ बहुधा आधी साफ केलेला असतो, तरीही थोडा अंश मागे राहतो. म्हणून दाणे बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली हाताने चोळावेत आणि खालच्या पाण्याचा फेस पूर्ण थांबेपर्यंत धूत राहावे. साध्या चाळणीतून दाणे निसटतात, त्यामुळे चहाची मोठी गाळणी किंवा स्वच्छ मलमल घेणे सोयीचे पडते. धुतल्यावर पाणी चांगले निथळू द्यावे.

आता शिजवण्याविषयी. कुकर येथे उपयोगाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खिचडीसाठी तो चालेल. सॅलडला मात्र प्रत्येक दाणा सुटा हवा आणि शिट्टीच्या दाबाखाली तो फुटून गिचका होतो. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर निथळलेला क्विनोआ मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे परतावा. आधी तो पातेल्याला चिकटतो, मग ओल उडून दाणे सुटे होतात, उलथन्याखाली बारीक तडतड ऐकू येते आणि भाजल्याचा खमंग वास सुटतो. त्या क्षणी एका वाटीला पावणेदोन वाट्या उकळते पाणी व अर्धा चमचा मीठ घालावे. हे मीठ विसरू नये, कारण शिजताना दाण्यात न मुरलेले मीठ नंतर वरून कितीही भुरभुरले तरी आत पोहोचत नाही आणि बेचवपणाचे अर्धे कारण तेच असते. झाकण ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटांत पाणी आटते. दाणा पारदर्शक दिसू लागला आणि त्याच्या कडेने अंकुराची पांढरी, बारीक शेपटी सुटून वळली की तो शिजला असे समजावे. आच बंद करून झाकण तसेच ठेवून दहा मिनिटे वाफ मुरू द्यावी आणि मग सगळा क्विनोआ परातीत पातळ पसरून काट्याने मोकळा करावा. पातेल्यातच ठेवला तर त्याची वाफ त्यालाच भिजवत राहते. एका वाटीचा साधारण तीन वाट्या क्विनोआ होतो. चौघांना तो पुरतो.

यापुढची पायरी बहुतेक पाककृतींत गाळलेली असते. तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल किंवा घाण्याचे शेंगदाणा तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा भाजून जाडसर कुटलेले जिरे, मिरपूड, मीठ आणि अगदी चिमूटभर गूळ एकत्र फेटून घ्यावे व त्यातील निम्मे मिश्रण क्विनोआ कोमट असतानाच त्यावर घालावे. कोमट दाणा रस लवकर शोषून घेतो, गार दाण्यावर मात्र तो नुसता ओघळतो. उरलेले निम्मे वाढण्याच्या वेळी घालावे.

भाज्यांचे पाणी आधीच काढून घ्यावे. काकडीचा बियांचा गाभा आणि टोमॅटोचा रसाळ गर काढून टाकून उरलेल्याच्या हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या फोडी कराव्यात, त्यांना मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि पाणी निथळले की कोरड्या फडक्याने टिपाव्यात. टोमॅटोचा गर वाया घालवू नये. रात्रीच्या आमटीत तो चांगला लागतो. कांदा बारीक चिरून मिठाच्या गार पाण्यात दहा मिनिटे ठेवावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो आणि तो कुरकुरीतही राहतो. गाजर व सिमला मिरची कच्चीच, पण बारीक हवी. किसलेले गाजर मात्र टाळावे, कारण ते लगेच ओलसर होऊन सर्व भाज्यांचा पोत एकसारखा करून टाकते.

प्रश्न : पाककृतींत पार्सली, बेसिल, ऑरेगॅनो अशी नावे असतात. आमच्या गावात यातले काही मिळत नाही. केवळ कोथिंबिरीवर भागेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भागेल, पण कोथिंबीर सजावटीपुरती न घालता भाजी म्हणून घालावी लागेल. शिजलेल्या तीन वाट्या क्विनोआला कोवळ्या देठांसह चिरलेली एक भरगच्च वाटी कोथिंबीर आणि अर्धी वाटी पुदिना हे प्रमाण ऐकायला जास्त वाटते, प्रत्यक्षात ते नेमके बसते. शेपूची चार-पाच कोवळी पाने काकडीबरोबर फार छान जुळतात. शेपूचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनाही एवढ्या प्रमाणात ती खटकत नाही. ऑरेगॅनोच्या जागी कुंडीतील पानओव्याचे एखादे पान अगदी बारीक चिरून घालावे, कारण दोघांच्या वासात साम्य आहे. मात्र दोनाहून अधिक पाने घातली तर सॅलडला औषधाचा वास येईल. बेसिलऐवजी तुळस घालू नये. ती बेसिलच्याच कुळातील असली तरी तिचा लवंगेसारखा तिखटपणा येथे उपरा वाटतो.

पाने धुतल्यावर पूर्ण कोरडी करूनच चिरावीत. ओल्या पानांचा सुरीखाली लगदा होतो आणि पुदिना तर काळाच पडतो. सुरी धारदार असावी, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा चालवू नये आणि पाने सर्वांत शेवटी मिसळावीत. लिंबाच्या आंबटपणात बराच वेळ राहिलेल्या पानांचा हिरवा रंग मळकट होतो.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. येथे पेरू देशातील एका शेजारणीने क्विनोआ घातलेले ‘सोल्तेरितो’ खाऊ घातले. ते भारतीय सामानात करता येईल का? आणि आईने फोनवर विचारले आहे की क्विनोआ उपवासाला चालतो का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सोल्तेरितो हे दक्षिण पेरूतील अरेकिपा शहराचे सॅलड आहे. त्यात सोललेला बाकला, मक्याचे उकडलेले दाणे, ताजे चीज, कांदा, टोमॅटो, काळे ऑलिव्ह आणि रोकोतो नावाची जाड सालीची, काळ्या बियांची तिखट मिरची असते. वरून व्हिनेगर व तेल. क्विनोआ घालणे हा त्याचाच एक प्रकार. बाकल्याऐवजी ताजे पावटे मऊ उकडून, सोलून घ्यावेत आणि चीजऐवजी घट्ट पनीरच्या फोडी घ्याव्यात. मिरचीसाठी लाल सिमला मिरचीत एखादी हिरवी मिरची बारीक चिरून मिसळली की काम होते. ऑलिव्हला मात्र पर्याय शोधू नये. आपल्याकडे ते सहज मिळतात आणि त्यांच्या खारटपणावाचून हे सॅलड अर्धवट लागते.

उपवासाचे म्हणाल, तर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने क्विनोआ गहू-तांदळासारखा गवतवर्गीय नाही; तो राजगिऱ्याच्या कुळातला आणि आपल्या चाकवताचा अगदी जवळचा नातलग आहे. पण उपवासाला काय चालते हे वनस्पतिशास्त्रावर ठरत नाही, घरच्या रीतीवर ठरते, तेव्हा हा निर्णय आईंनीच घ्यावा.

प्रश्न : हे सॅलड सकाळी करून कार्यालयात डब्यात नेले तर टिकते का? आणि नुसत्या सॅलडने प्रथिनांची गरज भागते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. कच्च्या क्विनोआत १०० ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम प्रथिने असतात. पाकिटावर हाच आकडा ठळक छापलेला असतो. शिजल्यावर मात्र दाण्यात पाणी भरते आणि तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या क्विनोआत जेमतेम चार ग्रॅम उरतात. त्यांचा दर्जा उत्तम असतो, कारण गहू-तांदळात कमी पडणारा लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटक त्यांत पुरेसा असतो. तरीही जेवणाऐवजी सॅलडच खायचे असेल, तर त्यात उकडलेले काबुली चणे, पाच मिनिटे वाफवलेले मोडाचे मूग किंवा पनीर घालावे आणि खाताना मूठभर भाजलेले शेंगदाणे वरून घ्यावेत.

डब्यासाठी क्विनोआ आदल्या रात्री शिजवून, वर सांगितलेल्या तेल-लिंबाच्या निम्म्या मिश्रणात घोळून, गार झाल्यावर लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तेथे तो दोन-तीन दिवस चांगला राहतो. उघड्यावर रात्रभर ठेवलेला क्विनोआ मात्र शिळ्या भाताइतकाच धोक्याचा असतो. सकाळी डब्यात सर्वांत खाली क्विनोआ, त्यावर चणे व गाजर, त्यावर निथळलेली काकडी आणि सर्वांत वर कोरडी पाने असा क्रम ठेवावा. उरलेले मिश्रण छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत वेगळे न्यावे आणि जेवायला बसल्यावरच कालवावे. कार्यालयात फ्रिज नसेल, तर उन्हाळ्याच्या दिवसांत पनीर टाळून चणेच घालावेत आणि डब्याशेजारी बर्फाची पिशवी ठेवावी.